रक्त पिणारा प्रियकर आणि आपण

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. ही चूक माझ्या एकटीची नाही, आपल्यातल्या बऱ्याचजणींची आहे, असं आता वाटतं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठच्या एका गावात आमच्या किशोरी गटातल्या मुलींच्या आयांची बैठक होती. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. बैठक संपत आली तेव्हा एक आई उठली, पदराखालून मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. "ताई, बघा तुमच्या गटातली पोरगी रात्र-रात्र काय वाचती ते." भागाभागांनी येणारी मराठी गोष्ट होती, ऐंशीच्या वर भाग झालेले. शहरातलं ज्युनियर कॉलेज, तिथे नव्याने आलेली साधी मुलगी, आणि शेवटच्या बाकावर बसणारा, कुणाशी न बोलणारा देखणा मुलगा. हा मुलगा दोनशे वर्षांचा आहे आणि माणसांचं रक्त पितो. व्हॅम्पायर. मी मधलाच एक भाग वाचला. मुलगी झोपलेली असते, आणि तो खिडकीतून आत येऊन रात्रभर तिच्याकडे बघत बसतो.

मला संताप आला. छेडछाडीविरुद्ध पथनाट्यं केली, एकतर्फी प्रेमातून होणाऱ्या हल्ल्यांविरुद्ध मोर्चे काढले, आणि आमच्याच गटातली मुलगी रात्री जागून हे वाचते! मी त्या बैठकीत सांगून टाकलं की असल्या गोष्टी मुलींना बिघडवतात, मोबाईलवर लक्ष ठेवा, रात्री काढून घ्या. सगळ्या आयांनी माना डोलावल्या. एरवी माझ्या बोलण्यावर इतक्या माना कधी डोलत नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती.

संक्रांत झाल्यावर कळलं की त्या मुलीचं कॉलेज बंद झालं. आधी फोन गेला, मग कॉलेज गेलं, मग मंचरकडचं स्थळ बघून गेलं. अकरावीतली मुलगी, सतरावं चालू. मी घरी गेले तर बाप शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगितलं ना, पोरी बिघडत्यात म्हणून."

लग्न थांबलं. अठरा पुरी नाहीत हे आम्ही ग्रामसेवकाच्या कानावर घातलं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. पण कॉलेज काही परत सुरू झालं नाही. आता ती १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसणार आहे आणि दिवसा आईबरोबर टोमॅटोच्या तोडणीला जाते. मी तिला बांधावर भेटले. माफी मागायला गेले होते. तिने मला एकच विचारलं, "ताई, तुम्ही ती सगळी वाचली का?" मी नाही म्हटलं. "मग वाईट हाय कसं सांगितलं?" थोड्या वेळाने हातातला टोमॅटो क्रेटमध्ये टाकत ती म्हणाली, "त्यो तिला इचारतो तरी. आमच्यात कोण इचारतं?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे. आणि ज्या मैत्रिणी आज गावोगावी "मुलींचे मोबाईल काढून घ्या" असे ठराव करायला निघाल्या आहेत, त्यांच्याशी भांडण्यासाठीही आहे.

मग मी वाचायला बसले. तिच्या मोबाईलवरची गोष्ट वाचली, तसल्याच आणखी वाचल्या, आणि ज्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून हा सगळा साचा आला त्याही वाचून काढल्या. अमेरिकेतल्या स्टेफनी मेयर या बाईंनी 'ट्वायलाइट' नावाच्या चार कादंबऱ्या २००५ ते २००८ या काळात लिहिल्या. २००८ ते २०१२ मध्ये त्यांवर पाच सिनेमे निघाले. आपल्याकडे त्याच धर्तीवर स्टार वन वाहिनीने २०१० मध्ये 'प्यार की ये एक कहानी' ही हिंदी मालिका सुरू केली, तीही कॉलेजातली. गटातल्या मुलींच्या मोठ्या बहिणींनी ती भारनियमन सांभाळत पाहिलेली आहे. आज त्यांच्या धाकट्या बहिणी हिंदीत डब केलेले सिनेमे आणि मराठीतल्या गोष्टी मोबाईलवर बघतात-वाचतात. तेव्हा हे पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेतल्या मुलींचं खूळ आहे, आपल्या ओतूर-घोडेगावच्या मुलींचा याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणू नये.

आता या गोष्टीत काय आहे ते पाहू. 'ट्वायलाइट'मधली बेला सतरा वर्षांची, हायस्कूलात शिकणारी. घरी बापाला रांधून घालणारी. तिचा एडवर्ड दिसतो सतरा वर्षांचा, पण जन्म १९०१ चा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता तो व्हॅम्पायर झाला. शंभरी ओलांडलेला पुरुष आणि सतरा वर्षांची मुलगी एका बाकावर बसतात आणि आपण त्याला शाळेतलं प्रेम म्हणतो. तो तिला न सांगता रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली बघतो. तिने दुसऱ्या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. तो दुसरा मित्र तिच्या मनाविरुद्ध तिचं चुंबन घेतो, तेव्हा ती त्याला ठोसा मारते आणि हात तिचाच मोडतो. तिच्या बापाला, जो गावचा पोलीसप्रमुख आहे, त्या पोराचं कौतुकच वाटतं. अठराव्या वर्षी तिचं लग्न होतं. लग्नाच्या पहिल्या रात्रीनंतर तिच्या अंगावर काळेनिळे वळ असतात, आणि ती नवऱ्याचीच समजूत घालत बसते की मला काही झालं नाही, मी सुखी आहे.

मैत्रिणींनो, हे वळ आपण कुठे पाहिलेत? आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईच्या दंडावर पाहिलेत. "पायरीवरून पडले" असं म्हणणारी ती बाई आणि ही बेला, दोघींचं वाक्य एकच आहे. फरक इतकाच की बेलाच्या वाक्यावर प्रेक्षागृहात मुली उसासे टाकतात.

पुढे तिला दिवस जातात. पोटातलं मूल तिला आतून मोडत जातं, बरगड्या तुटतात, नवरा स्वतः म्हणतो की हे मूल नको, तरी ती हट्टाने वाढवते आणि बाळंतपणात मरणाच्या दारात जाते. मग तिला चावून व्हॅम्पायर केलं जातं, आणि ती पूर्वीपेक्षा सुंदर होते. आणि तो दुसरा मित्र? त्याचं मन त्या नुकत्या जन्मलेल्या मुलीवर जडतं, कायमचं. मोठी होईल तेव्हा ती त्याचीच. आपल्याकडे याला पाळण्यातलं लग्न म्हणत आणि ते मोडायला शंभर वर्षं झगडावं लागलं.

तेव्हा पहिला मुद्दा हा, की या गोष्टीत बंड नाही. ती आपल्या गावच्या बापांना भितीदायक वाटते, पण त्यांनी वाचली तर त्यांना ती आवडेल. मुलगी रांधते, लग्नाआधी काही होत नाही, लवकर लग्न होतं, लगेच मूल होतं, मुलासाठी ती जीव द्यायला तयार असते. पतिव्रतेच्या गोष्टीला अमेरिकेत नवे कपडे घातले, एवढंच.

दुसरा मुद्दा जास्त कठीण आहे. या गोष्टींच्या गाभ्याशी एक कल्पना आहे. हा पुरुष तुला मारू शकतो. तुझ्या रक्ताच्या वासाने तो वेडा होतो. तरी तो मारत नाही, स्वतःला आवरतो, म्हणून त्याचं प्रेम मोठं. या मापाने ज्याच्यापासून धोकाच नाही असा साधा मुलगा प्रियकर म्हणून बिनकामाचा ठरतो. भक्षक आणि रक्षक एकच माणूस, आणि तो कुठल्या दिवशी काय असेल ते त्याच्या मनावर. आपण रक्षकच भक्षक झाले अशा घोषणा दिल्या त्या पोलिसांबद्दल, सैन्याबद्दल. इथे भक्षक रक्षक होतो आणि टाळ्या मिळवतो. मारत नाही हा त्याचा मोठेपणा कसला? न मारणं ही माणसाची किमान गोष्ट आहे. त्याबद्दल बाईने आयुष्यभर कृतज्ञ राहायचं, हे शिक्षण भयंकर आहे.

आणि महाराष्ट्रात त्याची किंमत आपण मोजलेली आहे. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीची परीक्षा चालू असताना परीक्षेच्या वर्गात एका मुलीला जाळलं. १९९८ मध्ये सांगलीत कॉलेजच्या मुलीला भर रस्त्यात भोसकलं. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुणीला रस्त्यात पेटवलं. तिघींच्याही मागे कुणीतरी लागलेला होता, आणि तिघींनाही आधी केव्हातरी कुणीतरी सांगितलं असणार की दुर्लक्ष कर. पाठलाग करणं हा गुन्हा आहे हे कायद्याने मान्य केलं ते २०१३ मध्ये, दिल्लीतल्या घटनेनंतर. आज भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात तो गुन्हा आहे. कायद्यात जो गुन्हा तो गोष्टीत प्रेमाचा पुरावा. मुलीने कशावर विश्वास ठेवायचा?

आमच्या आज्यांना यातलं काही नवं वाटलं नसतं. मेलेला पुरुष जिवंत पोरीच्या मागे लागला तर त्याला त्या प्रेम म्हणत नसत, झपाटणं म्हणत. मुंज झाली पण लग्नाआधी मेला तो मुंजा, पिंपळावर बसतो आणि पोरींना धरतो, हे आपल्या सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा आला. त्यात मुंजा एका मुलीशी लग्नाचा हट्ट धरून मागे लागतो, आणि योगायोग असा की तिचंही नाव बेला. तिथे तो हट्ट बघून लोक घाबरतात, हसतात, त्याला पळवून लावायला बघतात. मुंजा बुटका आणि कुरूप आहे म्हणून आपल्याला त्याचं वागणं दिसतं. एडवर्ड देखणा आणि गडगंज आहे म्हणून तेच वागणं दिसत नाही. त्याच दिग्दर्शकाचा 'थामा' २०२५ च्या दिवाळीत आला आणि त्यात मात्र रक्त पिणाऱ्यांची सरळ प्रेमकथा आहे. बाजार कुठे चालला आहे ते यावरून कळावं.

हे सगळं लिहून झालं. इथे लेख संपवला असता तर आपल्या बऱ्याच मैत्रिणी खूश झाल्या असत्या. पण मग त्या मुलीच्या प्रश्नाचं काय? आमच्यात कोण इचारतं?

गेल्या मे महिन्यात आंबेगाव तालुक्यात आमचं किशोरी शिबिर झालं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतल्या महादेव कोळी मुली होत्या आणि खालच्या बागायती गावांतल्या मराठा, माळी, दलित मुलीही होत्या. मी ठरवून या गोष्टीवर एक दुपार ठेवली. आधी मुली गप्प. मग एकीने धीर करून विचारलं, "ताई, तिची पाळी आल्यावर त्याला काय होत असंल?" जी हसाहशी सुरू झाली ती दहा मिनिटं थांबेना. आणि त्यानंतर पाळीबद्दल त्या मुली जितकं बोलल्या, तितकं आमच्या आरोग्याच्या एकाही व्याख्यानात बोलल्या नव्हत्या. कुठे बाजूला बसावं लागतं, कापड कुठे वाळत घालतात, शाळेच्या संडासाला कडी नाही, म्हणून त्या चार दिवसांत शाळाच बुडते. जे आम्हाला तक्ते लावून जमलं नाही, ते त्या व्हॅम्पायरने केलं.

मग फळ्यावर यादी केली. हा मुलगा गोष्टीत काय काय करतो? मागे मागे येतो. रात्री खिडकीत येतो. तिने कुणाशी बोलावं ते ठरवतो. तिला न विचारता तिच्या भल्याचं ठरवतो. मी म्हटलं, आता यातला व्हॅम्पायर पुसा आणि तिथे तुमच्या ओळखीचं कुणी घाला. एक म्हणाली, "भाऊ." दुसरी म्हणाली, "आमच्या एसटीच्या मागं रोज गाडी घालतो त्यो." तिसरी बराच वेळ गप्प होती, ती म्हणाली, "बहिणीचा नवरा. त्यो पण पहिल्यांदा लई चांगला होता." मी काहीच शिकवलं नाही. यादी त्यांनी केली, नावं त्यांनी घातली.

आणि तरीही शेवटी मी विचारलं की आता ही गोष्ट वाचणार का, तर सगळ्या म्हणाल्या, वाचणार. का? त्यांची उत्तरं मी लिहून घेतली. गोष्टीतली मुलगी साधी असते, सावळी, कपडे जुने, तरी तो सगळ्या वर्गातून तिलाच निवडतो. तो तिचं बोलणं ऐकतो. तिला फिरवून आणतो, रात्रीचं रानात नेतो, डोंगरावर नेतो, आणि तिला कशाचीच भीती वाटत नाही, कारण त्या रानात सगळ्यात भयंकर असतो तोच, आणि तो तिच्या बाजूचा असतो.

हे शेवटचं कारण मला झोपू देईना. आमच्याकडे रात्र म्हणजे काय ते बाहेरच्या मैत्रिणींना सांगायला हवं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा उसाचा पट्टा. उसात बिबट्या राहतो, उसातच त्याची पिल्लं होतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे आणि ते भरलेलं असतं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड भागात बिबट्याने माणसं मारली, त्यांत लहान लेकरं होती. लोक रस्त्यावर उतरले. भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण या भीतीची वाटणी कशी झाली ते बघा. मुलगे अंधार पडल्यावरही मोटारसायकलवर नारायणगावला जाऊन येतात. मुलीने पाचच्या आत घरात. जादा तास बंद, खेळाचा सराव बंद, वाचनालय बंद. बिबट्या गेला तर ही बंधनं उठतील का? ती बिबट्याच्या आधीपासून आहेत. बिबट्याने त्यांना एक चांगलं कारण मिळवून दिलं आहे. संध्याकाळची एसटी वाढवा, रस्त्याला दिवे लावा, शेतीला दिवसा वीज द्या म्हणजे रात्री दाऱ्यावर जावं लागणार नाही, या मागण्या करण्यापेक्षा मुलीला घरात ठेवणं स्वस्त पडतं.

त्या मुलीला व्हॅम्पायर नको आहे, तिला रात्र हवी आहे. तिला रानात निर्धास्त फिरायचं आहे आणि गोष्टीतसुद्धा तिला ते एकटीला फिरता येत नाही, बरोबर एक हिंस्र पुरुष लागतो, यात दोष तिचा की आपला?

आणि तिला इच्छा आहे. हा शब्द आपण आपल्या मासिकांतून लिहितो, पण मुलींसमोर उच्चारत नाही. शिबिरात आपण त्यांना 'नाही' म्हणायला शिकवतो. छेडछाडीला नाही म्हण, बालविवाहाला नाही म्हण, हुंड्याला नाही म्हण. ते शिकवायलाच हवं. पण 'हो' कधी म्हणायचं, कुणाला म्हणायचं, हो म्हटल्यावर पुन्हा नाही म्हणता येतं का, यावर आपण तोंडात गुळणी धरून बसलो. ती मोकळी जागा त्या व्हॅम्पायरने घेतली. याच नारायणगावची माती तमाशाची. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. त्यांच्या फडावर बाईच्या मनातली ओढ भर चांदण्यात हजारो पुरुषांपुढे गायली गेली, आणि त्याच गावांत बाईने घरात ती ओढ बोलून दाखवली तर ती चवचाल. लावणी बहुतेक पुरुषांनी लिहिली आणि पुरुषांनी पाहिली. मोबाईलवरच्या या गोष्टी निदान बऱ्याचशा बायका-मुलींनीच लिहिलेल्या आहेत. वाईट लिहिलेल्या असतील. पण मुलगी मुलीसाठी लिहिते आहे, हे आपल्या नजरेतून कसं सुटलं?

आता खऱ्या रक्ताबद्दल बोलू. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचांतली एक. शाळेत दर आठवड्याला निळी लोहाची गोळी देतात, मुली ती उपाशीपोटी घेतात, मळमळतं म्हणून फेकून देतात. घरी सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खातात. आपल्याकडे बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ करतात, पाय उलटे, केस मोकळे. तिकडच्या गोष्टीत बाळंतपणात मरू घातलेल्या बेलाची अप्सरा करतात. ती मरायला का टेकली, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. एका मुलीचा फोन काढून घेताना गाव म्हणतं, रक्त पिणाऱ्याच्या गोष्टी वाचते. तिचं रक्त खरोखर कोण पितं, याची गोष्ट कोण लिहिणार?

या गोष्टींत आणखी एक खोटेपणा आहे, तोही सांगून टाकते. दोन वेगळ्या जातकुळीतल्यांचं निषिद्ध प्रेम, असं या गोष्टींचं आकर्षण असतं. परका, वेगळा, समाजाबाहेरचा प्रियकर धोकादायक असतो आणि मुलीचा जीव धोक्यात येतो. आपल्या शाळा-कॉलेजांत जातीबाहेरचं प्रेम होतं तेव्हा जीव कुणाचा जातो? २०१४ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, खर्ड्याला एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला शाळेतून ओढून नेऊन मारलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो असा संशय होता. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. 'सैराट' २०१६ मध्ये आला तो ही हत्या झाल्यावर. आपल्याकडे परक्या प्रियकराचे सुळे नसतात. सुळे असतात ते मुलीच्या घरच्यांना. हे शिबिरात मी बोलले तेव्हा खालच्या गावांतल्या काही मुलींनी नजर खाली घातली आणि वरच्या वाडीतली एक मुलगी माझ्याकडे सरळ बघत राहिली. त्या दुपारचं सगळ्यात खरं बोलणं तेच होतं, आणि त्यात एकही शब्द नव्हता.

आमच्याच संघटनेतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला सुनावलं, की हिरड्याला भाव मिळत नाही, धरण उशाला आणि घशाला कोरड, वनहक्काचे दावे पडून आहेत, आणि तू पोरींच्या भुताखेतांच्या गोष्टींवर शिबिर घेतेस? त्यांचा माझ्यावर अधिकार आहे, म्हणून उत्तर देते. हिरड्याच्या मोर्चात जी मुलगी उद्या पुढे चालायला हवी, तिचं कॉलेज एका गोष्टीपायी बंद झालं, आणि ते बंद करायचं हत्यार मी हातात दिलं. मुलगी काय वाचते हा प्रश्न मुलगी घराबाहेर पडते का, या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

बायकांनी वाचलं की त्या बिघडतात, हे म्हणणं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात कादंबऱ्यांबद्दल हेच म्हटलं जाई. त्यावर ताराबाई शिंदे यांनी काय केलं? १८८२ च्या 'स्त्री-पुरुष तुलना'त त्यांनी कादंबऱ्या-नाटकांत बायकांना कसं रंगवलं आहे त्याची झडती घेतली. पुस्तकं बायकांच्या हातून काढून घ्या, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी वाचली आणि लिहिणाऱ्यांचे वाभाडे काढले. आपण त्यांच्या लेकी म्हणवतो. आपल्याला वाभाडे काढायला आधी वाचावं लागेल.

म्हणून मैत्रिणींनो, माझं सांगणं असं आहे. मुलींचे मोबाईल काढून घेण्याचे ठराव कुठल्याही गावात आपल्या तोंडून होऊ देऊ नका. असे ठराव करायला गावात माणसं पुष्कळ आहेत. मुलींबरोबर बसून त्यांच्या गोष्टी वाचा, यादी करा, नावं त्यांना घालू द्या. 'नाही'बरोबर 'हो'चंही शिक्षण द्या, आणि ते मुलग्यांनाही द्या, कारण एडवर्ड व्हायची स्वप्नं तेही बघतात. पाचच्या आत घरात, यावर उत्तर म्हणून एसटीच्या फेरीची मागणी करा. आणि मुलींना लिहायला लावा. शिबिराच्या शेवटच्या दिवशी आम्ही सांगितलं, तुमची गोष्ट तुम्ही लिहा. एकीने लिहिलं, मुलगी रात्री उसाच्या कडेने एकटी घरी येते, बिबट्या दिसतो, ती थांबते, तो निघून जातो, ती घरी येते आणि भाकरी खाते. एवढीच गोष्ट. तिच्यात कुणी तिला वाचवत नाही.

मी ती गोष्ट त्या टोमॅटो तोडणाऱ्या मुलीला नेऊन दिली. तिने वाचली आणि म्हणाली, "ह्यात प्रेम कुठाय?" मी म्हटलं, "तू घाल." वही तिने ठेवून घेतली आहे. फोन अजून मिळालेला नाही. तो मिळवून द्यायचा आहे, आणि कॉलेजही. तो हिशोब माझ्या नावावर आहे.